बंद कुकरातली आमटी

आईचं व्रत मी मोडलं. एकदा नाही, पन्नासेक वेळा. आणि दर वेळी आंघोळ करून, भांग पाडून, कचेरीला निघण्यापूर्वी. हे लिहून ठेवावं असं बरीच वर्षं वाटत होतं. आता आई नाही, त्यामुळे लिहायला फारसा धीर लागत नाही, हेही मला कळतं.

कुकरपासून सांगायला हवं. हा शिट्टीचा कुकर नव्हे. गुडघ्याएवढा उंच पितळी डबा, त्यात एकावर एक बसणारे चार डबे, आणि बुडाशी मूठ-दीड मूठ लोणारी कोळसा मावेल एवढी शेगडी. कोळसे पेटवायचे, डबे भरायचे, तळाशी पाणी घालायचं, झाकण लावायचं नि आपल्या कामाला लागायचं. कोळसा आपल्या मनानं जळतो आणि आपल्या मनानं विझतो. सहाला लावला की नऊपर्यंत जेवण तयार. नाही उघडला, तर बारा वाजताही भात हाताला चटका देईल इतका गरम.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन मी जयपूरला आलो तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. सोडाला नावाच्या वस्तीत एक खोली घेतली होती. खाणावळीतल्या तिखटानं दोन महिन्यांत पोटाचे हाल झाले. तेव्हा बदली होऊन निघालेल्या एका सहकाऱ्यानं हा कुकर मला दिला आणि म्हणाला, "याला फक्त एकटं सोडायचं. बाकी सगळं तो करतो." तीन वर्षं मी त्यात रोज भात, आमटी आणि बटाटा शिजवला. वर्णभेद सोडला तर तिन्हींची चव सारखी लागायची, तिथपासून सुरुवात करून तिसऱ्या वर्षी मी अशी आमटी करू लागलो की कचेरीतले दोन मराठी गृहस्थ रविवारी सहज म्हणून भेटायला येत आणि जेवूनच जात.

तिचं गुपित साधं होतं. तुरीच्या डाळीत आधी चिंच पडली की डाळ मऊ होत नाही, दडस राहते. म्हणून डाळ नुसती हिंग-हळद घालून लावायची, दोन तासांनी कुकर उघडून तिच्यात चिंच, गूळ, मीठ आणि गोडा मसाला घालायचा, चाखायची, आणि पुन्हा झाकण लावायचं. म्हणजे त्या सहकाऱ्याचं म्हणणं पुरतं खरं नव्हतं. कुकरला एकटं सोडायचं होतं, पण मध्ये एकदा भेटायला जायचं होतं.

पुढे लग्न झालं. आम्ही आदर्श नगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. खाली घरमालकीण, मुलतानहून सगळं सोडून आलेली, देवभोळी बाई. माझी बायको गणित घेऊन पदवीधर झाली होती. तिला शहरातल्या एका मुलींच्या शाळेत तात्पुरती जागा मिळाली. इमारत एक आणि शाळा दोन, त्यामुळे मुलींची शाळा सकाळी सात ते बारा. साडेसहाला ती सायकल-रिक्षात बसे.

त्या वर्षी आषाढाच्या तोंडाशी साताऱ्याहून आई आली. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आईचे गुडघे धरले होते; खाली बसलं की उठताना भिंत लागे. चातुर्मासात ती एकवेळ जेवायची, तेही सोवळ्यात शिजवलेलं, स्वतःच्या नाहीतर सुनेच्या हातचं, आणि देवाला नैवेद्य दाखवल्यावर. असे चार महिने ती वडील गेल्यापासून पाळत होती. यंदाचे चार महिने तिला आमच्याकडे काढायचे होते.

सून साडेसहाला घराबाहेर पडते हे तिला आल्यावर कळलं.

"मग स्वयंपाक कोण करतं?" तिनं मला विचारलं. बायको समोरच उभी होती.

"कुकर लावून जाते."

"म्हणजे ढवळायचं नाही, बघायचं नाही?"

"नाही. बंद करायचा नि निघायचं."

"आणि डाळ शिजते ती कुणाच्या भरवशावर?"

"वाफेच्या, आई," बायको म्हणाली.

आईनं कुकरभोवती एक फेरी मारली. हात लावला नाही. "घरात बाईमाणूस नाही आणि चुलीवर अन्न आहे," ती म्हणाली, "असं आमच्याकडे फक्त कुणी गेल्यावर होत असे."

दोन दिवस तिनं स्वयंपाक आपल्याकडे घेतला. स्वतः शेगडीपाशी बसून भात केला, उठताना मला हाक मारली, पण ती सोवळ्यात असल्यामुळे मला हात देता येईना. मी दारात उभा राहून तिला भिंत धरून उठताना पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं निकाल दिला.

"हिनं आंघोळ करून सोवळ्यात लावायचा. मी सोवळ्यात उघडायचा. मधल्या वेळात कुणी शिवायचं नाही. मग चालेल."

"असं चालतं?" मी विचारलं.

"न चालायला काय झालं? गंगेचा गडू तोंडाला डाख लावून बंद केला की आगगाडीतून कुणाच्याही मांडीला मांडी लावून येतो. तो कुठं ओवळा होतो?"

इतका विचार तिनं आमच्यासाठी केला होता. पण पुढचं वाक्य बायकोला उद्देशून होतं. "नोकरीचं मी आत्ता काही बोलत नाही. शाळा आणि घर दोन्ही होतं का, ते चार महिने बघते. कार्तिकी एकादशीला सांगीन."

शाळेनंही दिवाळीनंतरच कायमच्या जागेबद्दल होय-नाही कळवायला सांगितलं होतं. आई नको म्हणाली असती, तर बायकोनं जागा सोडली असती आणि मी तिला सोडू दिली असती. हे आम्ही दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्याची गरज नव्हती.

बायको पाचला उठून नळाचं पाणी आलं की न्हायची, सोवळ्याची धाबळी नेसायची, कुकर लावायची, मग साडी बदलून केस विंचरत जिना उतरायची. कुकर एकदाच बंद होणार, म्हणून आमटीतलं सगळं तिला सुरुवातीलाच घालावं लागे. डाळ दडस राहील या भीतीनं चिंच नखभर, चिंच कमी म्हणून गूळ कमी, आणि घाईत मीठही कमी. आमटी वरणापेक्षा थोडी लाल व्हायची, इतकंच.

दुपारच्या सुट्टीत मीही कचेरीतून घरी जेवायला येत असे. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "डाळीला कुणाची तरी सोबत हवी होती. एकटी पडलीय."

बायको त्या दिवशी पानावरून अर्धवट उठली. "नुसतं तेवढ्यानं ठरवायचं असेल," ती मला आतल्या खोलीत म्हणाली, "तर ठरलंच म्हणायचं."

तेव्हा मी तिला चिंचेचं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. नवऱ्यानं बायकोला आमटी शिकवायची, हे मला विचित्र वाटलं, असं मी पुष्कळ वर्षं मानत आलो. खरं म्हणजे ती आमटी मला द्यायची नव्हती.

रोज आठ वाजता घरमालकीण खालून हाक मारायची, "चलिए माताजी," आणि दोघी पलीकडच्या गल्लीतल्या राममंदिरात जात. आई नऊपर्यंत यायची नाही. पाचव्या दिवशी आठ वाजून पाच मिनिटांनी मी कुकर उघडला. वाटीत चिंच कोळून ठेवली होतीच. चिंच, गूळ, मीठ, चमचाभर गोडा मसाला. ढवळलं. चाखल्याशिवाय मला अंदाज येत नसे, म्हणून पळीतून तळहातावर थोडी घेतली आणि चाखली. पळी तोंडाला लावली नाही, तेव्हा आमटी उष्टी झाली नाही, असं मी स्वतःला समजावलं. देवाच्या आधी चाखली, याचा विचार मनात आला होता, पण तो नऊ वाजता आला. तोवर झाकण लावून झालं होतं. पुढे दोनतीनदा घाईत पळीही तोंडाला लावली. तेही इथंच सांगतो.

दुपारी आई जेवली. पहिला भुरका मारल्यावर थांबली.

"आज जमली."

बायको शाळेतून आली होती, हात धूत होती. "काय?"

"आमटी. हाताला चव आहे गं तुझ्या. चार दिवस बुजली होती."

बायकोनं स्वतः जेवताना वाटीत बोट बुडवलं, चाटलं आणि माझ्याकडे बघून हसली. मंद आचेवर चिंच उमलत असेल, असा तिनं तर्क केला. मी म्हटलं, असेल.

असे सवादोन महिने गेले. आई रोज वाटीभर आमटी मागून घेऊ लागली. साताऱ्याला माझ्या भावाला पत्र लिहून घेताना तिनं मला सांगितलं, "लिही, सूनबाई शाळा सांभाळून उत्तम करते." मी लिहिलं. माझ्या अक्षरात लिहिलेलं ते पत्र भावाकडे अजून असेल.

अडचण फक्त रविवारची होती. रविवारी बायको घरी, स्वयंपाकघराच्या दारातच तांदूळ निवडत बसलेली. कुकरजवळ जायला सबब मिळत नसे. त्यामुळे रविवारची आमटी पुन्हा एकटी पडे. आईनं यावर विचार केला आणि तिला जो अर्थ सुचला, तो आमच्यापैकी कुणालाही सुचला नसता.

"शाळेच्या दिवशी हिचं चित्त थाऱ्यावर असतं," ती घरमालकिणीला आपल्या हिंदीत सांगत होती. "छुट्टी को मन इधर-उधर जाता है. बाई को काम चाहिए."

मी ते जिन्यात ऐकलं. नोकरी वाचली, असं वाटलं. कार्तिकीला अजून पावणेदोन महिने होते.

पण बायको गणित शिकवत होती. भाद्रपदातल्या एका रविवारी ती पाचला उठली आणि शाळेच्या दिवसासारखा बरोबर साडेपाचला कुकर लावला. आमटी पांचट. पुढच्या रविवारी चिंच, गूळ, मीठ मोजून आदल्या दिवशीइतकंच घातलं. आमटी पांचट. आश्विनात एका दुपारी आई आडवी झाली असताना तिनं मला गच्चीवर बोलावलं. तिथं पापड वाळत होते.

"वेळ तीच," ती म्हणाली. "माप तेच. कोळसा त्याच पोत्यातला. रविवारी एकच गोष्ट वेगळी असते."

मी पापड उलटू लागलो.

"अहो, मी तुमच्याशी बोलत्येय. रविवारी मी घरी असते. म्हणजे एरवी मी नसताना काहीतरी होतं. काय होतं?"

मी सांगितलं. तळहाताचं सांगितलं. पळीचंही सांगितलं.

तिनं कडेचे दोनतीन पापड सारखे केले. मग म्हणाली, "मला नुसतं म्हणाला असतात, चिंच मागून घाल, तर?"

"मागून घालायला उघडावा लागतो. उघडला की ओवळा."

"चिंच-गुळाचं वाटीत कालवून वरच्या डब्यात ठेवायचं. तेही शिजतं. आई सोवळ्यात उघडतील तेव्हा त्याच आमटीत ओततील नि ढवळतील. झालं." तिला एवढं सुचायला एक मिनिटही लागलं नव्हतं. "तेवढ्यासाठी दोन महिने आईंना उष्टं घातलंत?"

मला तेव्हाच्या तेव्हा खाली जाऊन आईच्या पाया पडावंसं वाटलं. मी तसं म्हणालोही.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "तुमचं मन हलकं होईल. आईंचे चार महिने जातील आणि माझी शाळा जाईल. कार्तिकीपर्यंत गप्प बसा. मग सांगायचं तर सांगा, मी अडवणार नाही. उद्यापासून कुकरला हात लावायचा नाही. लावणार नाही ना?"

"नाही."

"आणि बोलणार?"

"नाही."

दुसऱ्या दिवसापासून वाटी वरच्या डब्यात गेली. आईला उघडल्यावर ओतायचं, ढवळायचं काम मिळालं, ते तिला आवडलं. आमटी उत्तम होऊ लागली. रविवारीही होऊ लागली. मला हे कबूल केलं पाहिजे की माझ्यापेक्षा चांगली होऊ लागली, कारण वाटीतला गूळ आधी विरघळून पाकासारखा होई. आठ वाजता मी आता वर्तमानपत्र वाचत असे. त्यात मन लागत नसे.

दिवाळी झाली. कार्तिकीला पाच दिवस राहिले असताना इस्पितळातल्या एका मराठी डॉक्टरांच्या पत्नी आईला भेटायला आल्या. दुपारची वेळ होती, आई जेवायला बसायची होती. त्यांनाही आग्रहानं पान वाढलं.

"आमटी कुणी केली हो?" त्यांनी पहिल्याच घासाला विचारलं.

"आमच्या सूनबाईची," आई म्हणाली. "सकाळी शाळेत जाते, कुकर लावून. मी तुम्हाला सांगते, आधी मला पटत नव्हतं. पण हिच्या हातात आहे. चार महिने खात्येय, मला माझी आई आठवली."

"मला प्रमाण द्या की," त्या बायकोला म्हणाल्या.

बायको सांगू लागली. वाटीभर डाळीला लिंबाएवढी चिंच, तिच्या दीडपट गूळ, मसाला सपाट चमचाभर, शीग लावायची नाही. हे प्रमाण मी सोडाल्याच्या खोलीत तीन वर्षं चुकत चुकत बसवलं होतं, आणि गच्चीवर तिला शब्दाशब्दानं सांगितलं होतं. ती सांगत होती, त्या मान हलवत होत्या, आई दोघींकडे कौतुकानं बघत होती. मी पाहुण्यांना वाढायला उभा होतो, हातात तुपाची वाटी होती.

"ते प्रमाण माझं आहे," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून.

"तुझं?" आई हसली. "तू कधी केलीस आमटी?"

"इथंच केली. श्रावणभर. भाद्रपदात पण."

"मी जेवायचे ती?"

"हो."

"ओवळ्यात?"

"आंघोळ झालेली असायची."

"चाखून?"

डॉक्टरांच्या पत्नींनी आमटीची वाटी पानापासून थोडी दूर सरकवली. मी हो म्हटलं.

आईनं हातातला घास खाली ठेवला. आजची आमटी सोवळ्यातलीच होती, ती खायला हरकत नव्हती. पण ती उठली. उठताना गुडघा अडकला, तेव्हा बायकोनं पुढे होऊन तिला धरलं. मला आईनं हातानं लांब थांबवलं. पाहुण्यांनी पान तसंच टाकून हात धुतले आणि काही वेळानं, डॉक्टर घरी येतील म्हणून, त्या गेल्या. बायको माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आईनं पाच दिवस दुधाखेरीज काही घेतलं नाही. "देवालाही तेच दिलं रे मी," एवढंच ती एकदा म्हणाली. मी पाया पडायला गेलो तेव्हा तिनं पाय मागे घेतले नाहीत. डोळ्यांत पाणी होतं, पण माझ्यावर राग दिसला नाही. मला राग बरा वाटला असता.

कार्तिकीच्या सकाळी तिनं आम्हा दोघांना समोर बसवलं.

"हे चार महिने देवाकडे धरले जाणार नाहीत. पुढच्या वर्षी पहिल्यापासून करीन. स्वतः रांधीन."

"आई, गुडघे," बायको म्हणाली.

"गुडघे माझे आहेत." मग ती बायकोकडे वळली. "तुझ्या शाळेचं. तू घरी बसलीस म्हणून याची जीभ थांबणार आहे होय? चाखणारा चाखतोच. तू जा शाळेत. कायमची जागा घे."

बायकोनं पदरानं डोळे पुसले. आम्ही उठत होतो तेव्हा आई मला म्हणाली, "वाईट केलंस. पण चार माणसांत, पाहुण्यांसमोर, कुणी विचारलं नसताना खरं बोललास. तुझे वडील असेच होते. पाप पोटात राहिलं नाही त्यांच्या कधी."

मी खाली मान घालून ऐकलं.

पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्याही वर्षी ती चातुर्मासात आमच्याकडे आली. आमटी शेगडीवर तिनं स्वतः केली, पाटावर बसून, एक पाय लांब करून. बंद भांड्यातलं ती त्यानंतर खात नसे. मी उंबऱ्याबाहेर उभा राहत असे, तिला सोवळ्यात हात देता येत नाही हे माहीत असूनही. बायको तेव्हा कायम झालेली होती.

माझ्या खरेपणाची गोष्ट आई अनेकांना सांगायची. साताऱ्याला, नातेवाइकांत, आमच्याकडे कुणी आलं की आमच्या देखत. "कुणी विचारलंसुद्धा नव्हतं हो," असं म्हणून ती माझ्याकडे बघायची. शेवटची सांगितली तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती आणि ऐकणारे आम्ही दोघंच होतो. बायको पलीकडे मुलींच्या वह्या तपासत बसली होती. तिला माहीत होतं की त्या दुपारी मला खरं बोलायचं नव्हतं. मला आमटी माझी म्हणवून घ्यायची होती, आणि तेवढ्यासाठी मी तिची शाळा पणाला लावली होती.

"खरं की नाही रे?" आईनं मला विचारलं.

बायकोची लेखणी थांबली. मी हो म्हटलं. लेखणी पुन्हा चालू लागली.